‘टेक’ आणि ‘लागणे’ : दोन क्रियापदांचा अभ्यास

इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वह्या तपासताना एक गोष्ट आमच्या वारंवार नजरेस येते. पानाच्या मध्यभागी एक उभी रेघ मारलेली असते. रेघेच्या डाव्या अंगास इंग्रजी शब्द, उजव्या अंगास त्याचा मराठी अर्थ. ‘रिव्हर’ म्हणजे नदी, ‘ट्री’ म्हणजे झाड, ‘टेक’ म्हणजे घेणे. नामांच्या बाबतीत ही रीत पुष्कळ अंशी चालून जाते. नीरा काय आणि टेम्स काय, नदी ती नदीच. परंतु क्रियापदाशी गाठ पडली म्हणजे ही उभी रेघ विद्यार्थ्यास दगा देते. ‘टेक’ म्हणजे घेणे एवढेच ज्याने पाठ केले आहे, तो इंग्रजी वाचतानाही अडखळतो आणि लिहितानाही चुकतो.

ह्याहून मोठे नुकसान आणखी एक होते. अर्थ पाठ करण्याच्या ह्या रीतीने मुलांची अशी समजूत होते की, भाषेचे सारे ज्ञान रेघेच्या डाव्या बाजूस आहे. उजवीकडची मराठी काय, ती तर घरीच येते, तीत शिकण्यासारखे काय असणार? ही समजूत किती पोकळ आहे हे दाखविण्याकरिता आम्ही ह्या लेखात दोन क्रियापदे शेजारी शेजारी मांडीत आहोत : इंग्रजीतील ‘टेक’ आणि मराठीतील ‘लागणे’. दोन्ही अगदी रोजच्या वापरातील आहेत, आणि दोन्ही एकाच मूळ कल्पनेतून वाढलेली आहेत. ती कल्पना कोणती, हे पुढे ओघाने येईलच.

‘टेक’चे अर्थ

प्रथम ‘टेक’ कोठे कोठे येतो ते पाहू. चहा घेणे, शपथ घेणे, विश्रांती घेणे, काळजी घेणे, ह्या सर्वांस इंग्रजीत ‘टेक’ चालतो. येथपर्यंत आमच्या विद्यार्थ्याची वही बरोबर आहे. परंतु ‘हे पुस्तक वडिलांकडे ने’ असे सांगावयाचे असले तरी इंग्रज मनुष्य ‘टेक’ म्हणतो. तेथे मराठीत नेणे हे क्रियापद हवे. पायांतले जोडे काढणे आणि फोटो काढणे ह्या दोहोंसही ‘टेक’. फरक इतकाच की जोड्यांच्या वेळी त्यापुढे ‘ऑफ’ हा शब्द येतो. तोच ‘टेक ऑफ’ विमानास लाविला म्हणजे उड्डाण करणे असा अर्थ होतो. एखादी गोष्ट घडली, तर तिने ‘प्लेस’ घेतली. रोपट्याने मूळ धरले, तर त्याने ‘रूट’ घेतले. मुलगा बापाच्या वळणावर गेला, तर तेथे ‘टेक’पुढे ‘आफ्टर’ हा शब्द बसतो.

आता एक ठिकाण असे आहे की, तेथे मराठी आणि इंग्रजी एकमेकींस पाठ करून उभ्या राहतात. आपण परीक्षा ‘देतो’. विद्यार्थी उत्तरे देतो, म्हणून परीक्षाही देतो, असा आपला हिशेब. इंग्रजीत मात्र परीक्षा देणारा तो गुरुजी आणि घेणारा तो विद्यार्थी. म्हणून विद्यार्थ्याच्या बाबतीत तेथे ‘टेक’ येतो. आमच्या मुलांपैकी पुष्कळजण इंग्रजीत मराठी पद्धतीने ‘गिव्ह’ लिहितात. भारतात असे इंग्रजी सर्रास बोलले जाते, आणि ऐकणारा भारतीय असेल तर त्याला ते समजतेही. तथापि परदेशी वाचकास त्यातून नेमका उलटा बोध होईल : हा परीक्षार्थी नसून परीक्षकच आहे की काय, असे त्याला वाटेल. ‘टेक’ म्हणजे घेणे हे पाठ असूनही ही चूक होते, कारण पाठ केलेला अर्थ एक आहे आणि मनातली मराठी दुसरेच सांगत आहे.

आणि शेवटी, ‘भोरहून पुण्यास जावयास दोन तास लागतात’ हे वाक्य घ्या. येथे इंग्रजीत ‘टेक’ हेच क्रियापद येते; परंतु मराठीत घेणे मुळीच येत नाही, लागणे येते. ‘तो विडीच्या नादी लागला’ ह्या वाक्याचे भाषांतर करू गेलो तरी ‘टेक टु’ हा प्रयोग हाताशी येतो. ‘वणव्याने रान पेटले, गंजीला आग लागली’ येथेही ‘टेक फायर’ म्हणता येते. ‘टेक’चा शेजार घेणे ह्याच्याशी जितका आहे, तितकाच लागणे ह्याच्याशी आहे, हे एव्हाना ध्यानात आले असेल. हा शेजार कशामुळे जुळला, हे शब्दाच्या जन्मकथेवरून कळते.

परका शब्द घरचा कसा झाला

‘टेक’ हा शब्द मूळचा इंग्रजी नव्हे. प्राचीन इंग्रजीत घेणे ह्या अर्थी ‘निमन’ असे क्रियापद होते. जर्मन भाषेत त्याचे भावंड ‘नेमेन’ आजही नांदते आहे. इ. स. ८६५ मध्ये डेन लोकांचे मोठे सैन्य इंग्लंडात उतरले आणि पुढे त्या देशाच्या उत्तर व पूर्व भागांत ते लोक कायमचे वसले. शेते, बाजार आणि सोयरिकी एक झाल्या. तसे शब्दही एक झाले. आकाशास ‘स्काय’, अंड्यास ‘एग’, सुरीस ‘नाइफ’, खिडकीस ‘विंडो’ हे शब्द त्या उत्तरेकडील दर्यावर्दी लोकांकडून इंग्रजीत आले. इतकेच नव्हे, तर ‘ते’ ह्या अर्थाचे ‘दे’ हे सर्वनामदेखील त्यांचेच. त्यांच्या भाषेतील ‘टाका’ ह्या क्रियापदापासून इंग्रजी ‘टेक’ झाला. त्याने हळूहळू जुन्या ‘निमन’ची जागा बळकाविली, आणि पंधराव्या शतकाच्या सुमारास ‘निमन’ प्रमाण इंग्रजीतून जवळजवळ नाहीसा झाला.

नाहीसा झाला, तरी त्याची एक खूण उरली. हातपाय बधिर झाला असता इंग्रजीत ‘नंब’ म्हणतात. हा त्या ‘निमन’चाच जुना धातुसाधित शब्द होय. त्याचा मूळ अर्थ ‘घेतला गेलेला’ : ज्यातील संवेदना कोणी काढून घेतली आहे असा. त्याच्या लिखाणात शेवटी एक ‘बी’ हे अक्षर येते आणि त्याचा उच्चार होत नाही, म्हणून मुले कुरकुर करितात. ते अक्षर मुळात नव्हतेच. ते मागाहून चिकटले.

आपल्याकडेही परभाषेतील शब्द थोडे आले नाहीत. कागद, बाजार, जमीन, वकील हे सर्व परभाषांतील शब्द फारसीच्या द्वारे आले. पण पाहा, ही बहुतेक नामे आहेत. नाम हे पाहुण्यासारखे असते; येते, राहते, कधी निघूनही जाते. ह्याचे उदाहरण भोरच्या मुलांस दूर शोधावयास नको. इ. स. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा प्रधानांची फारसी नावे जाऊन त्यांच्या जागी संस्कृत नावे आली. ‘सुरनीस’ ह्याचा ‘सचिव’ झाला. पुढे भोरच्या अधिपतींना जे पंतसचिव म्हणत, ते ह्याच पदावरून. ८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान विलीन झाले, पण सचिव हा शब्द गावोगावच्या मंडळांत अजून कायम आहे. पदाचे नाव राजाज्ञेने बदलता येते. घेणे, देणे, येणे, जाणे, लागणे ह्यांसारखी क्रियापदे मात्र कोणाच्या आज्ञेने बदलत नाहीत. म्हणूनच इंग्रजीने आपले रोजचे घेणेच दुसऱ्याकडून घ्यावे, ही भाषेच्या इतिहासातील विरळा गोष्ट आहे.

आता ‘टाका’च्याही मागे जाऊ. चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपाने गॉथिक भाषेत बायबलाचे भाषांतर केले. इंग्रजी, जर्मन आणि डॅनिश ज्या कुळातील आहेत, त्याच कुळातील ही एक जुनी बहीण. तीत ह्याच शब्दाचे नातलग असलेले ‘टेकन’ हे क्रियापद येते, आणि त्याचा अर्थ घेणे नसून ‘स्पर्श करणे’ असा आहे. अर्थात् प्रथम वस्तूस हात लावणे, मग तो लाविलेला हात मिटून ती उचलणे, आणि मग ती आपली करणे, अशा क्रमाने स्पर्शापासून घेणे ह्या अर्थापर्यंत हा शब्द आला, असे दिसते.

सारखा उच्चार म्हणजे नाते नव्हे

येथे एखादा चलाख विद्यार्थी हात वर करील आणि म्हणेल, “गुरुजी, मराठीतही ‘टेकणे’ आहे, आणि त्याचाही अर्थ स्पर्श करणे असाच आहे. भिंतीला पाठ टेकते, जमिनीला पाय टेकतात. मग इंग्रजी ‘टेक’ आणि मराठी ‘टेकणे’ एकच का नव्हेत?”

प्रश्न उत्तम आहे. परंतु उत्तर नकारार्थी आहे. संस्कृत आणि इंग्रजी ह्या दूरच्या नातलग भाषा आहेत, ही गोष्ट सर विल्यम जोन्स ह्यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यास मांडली. पुढे १८२२ मध्ये याकोब ग्रिम ह्या जर्मन पंडिताने त्या नात्याचा एक नियम व्यवस्थित लिहून काढिला. त्या नियमाप्रमाणे संस्कृतात जेथे ‘द’ असतो, तेथे इंग्रजीत ‘ट’सारखा वर्ण येतो. दश आणि ‘टेन’, द्वि आणि ‘टू’, दन्त आणि ‘टूथ’ ह्या जोड्या पाहा. तेव्हा इंग्रजी ‘टेक’ला आपल्याकडे खरोखरीच कोणी जुना नातलग असता, तर त्याच्या आरंभी ‘द’ असावयास हवा होता, ‘ट’ नव्हे. उच्चार जुळला म्हणून नाते सिद्ध होत नाही. उलट खरे नातलग पुष्कळदा ओळखूही येत नाहीत. ‘टेन’ आणि दश ह्यांचे तोंड कोठे सारखे आहे?

तसाच मोह ‘लगाम’ आणि ‘लागणे’ ह्यांच्याविषयी होतो. लगाम घोड्याच्या तोंडास लागतो खरा, पण तो शब्द फारसीतून आला आहे. व्युत्पत्ती सांगताना कानावर भिस्त ठेवू नये. नियम पाहावा आणि जुने लिखाण पाहावे.

‘लागणे’ कोठून आले

आता रेघेच्या उजव्या बाजूस येऊ. संस्कृतात ‘लग्’ असा धातू आहे. त्याचा अर्थ चिकटणे, स्पर्श होणे. त्यापासून ‘लग्न’ हे विशेषण झाले : चिकटलेले, जोडलेले. प्राकृतात त्याचे ‘लग्ग’ झाले आणि मराठीत ‘लाग’ झाले. हा बदलदेखील मनास येईल तसा झालेला नाही. प्राकृतातील जोडाक्षर मराठीत एकेरी झाले की, त्याच्या मागचा ऱ्हस्व स्वर बहुधा दीर्घ होतो. हस्त, हत्थ, हात. कर्म, कम्म, काम. सप्त, सत्त, सात. अद्य, अज्ज, आज. अग्नि, अग्गि, आग. तसेच लग्न, लग्ग, लाग. ‘आग लागली’ ह्या दोनच शब्दांच्या वाक्यात हा नियम दोनदा सापडतो, हे विद्यार्थ्यांनी पाहून ठेवावे. हिंदी भाषेने ह्या क्रियापदातील ऱ्हस्व स्वर तसाच ठेविला आणि तेथे ‘लगना’ झाले. गुजराती, बंगाली आणि कोकणी ह्यांत मात्र आपल्याप्रमाणेच ‘ला’ आहे.

संस्कृतातील लग्न हा शब्दही आपण टाकिला नाही. पूर्वक्षितिजास जी रास टेकलेली असते तिला ज्योतिषात लग्न म्हणतात. त्या मुहूर्तावरून विवाहासच लग्न म्हणू लागले. म्हणून ‘लग्न लागले’ असे आपण म्हणतो, तेव्हा एकाच धातूची दोन रूपे एका वाक्यात उभी असतात : एक संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, दुसरे लोकांच्या तोंडी झिजून आलेले. संलग्न, लगत, लागवड, लागण, लागेबांधे हा सारा त्याच घरचा परिवार. जुन्या मराठीत ‘तुजलागीं’, ‘तयालागीं’ असे प्रयोग येतात. त्यांतील ‘लागीं’ म्हणजे तुला, त्याला, त्याच्याकरिता. आपला चतुर्थीचा ‘ला’ हा प्रत्यय ह्या ‘लागीं’पासूनच आला असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे, सर्वांस ते मान्य नाही.

एकंदरीत, इंग्रजीत ‘टेक’ स्पर्शापासून निघाला आणि मराठीत लागणेही स्पर्शापासून निघाले. आरंभी जिचा उल्लेख केला ती मूळ कल्पना हीच. दोन्ही भाषांनी स्पर्शापासून प्रवास आरंभिला. मात्र पुढे दोघींच्या वाटा निराळ्या झाल्या.

वेल्ह्याच्या वाटेवरील ‘लागणे’

हे क्रियापद आपल्या मुलुखात कसे वावरते ते पाहू. पुण्याहून वेल्ह्यास निघालेल्या मनुष्यास प्रथम कात्रजचा घाट लागतो. चेलाडीस सातारा रस्ता सोडिला की नसरापूर लागते, मग आंबवणे, मार्गासनी, विंझर, आणि शेवटी तोरण्याच्या पायथ्याशी वेल्हे. (ह्या तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला.) गाव जागचे हालत नाही, चालणारा मनुष्य हालतो. तरी आपण ‘मी गावाला लागलो’ असे न म्हणता ‘गाव लागले’ असे म्हणतो. जणू गाव पुढे येऊन आपल्यास भेटते.

वाटेत पायास ठेच लागते. ऊन लागते, तहान लागते, भूक लागते. भाकरी खाल्ली की ती गोड लागते, पोट भरले की डोळा लागतो. ओढ्याचे पाणी थंड लागते. पण परगावचे पाणी एखाद्यास ‘लागते’, तेव्हा तो आजारी पडतो. आणि विहीर खणताना ‘पाणी लागले’, तर सारे घर आनंदते. पाणी तेच, लागणे तेच. संदर्भ बदलला की अर्थ बदलला. भोरच्या स्थानकावर ‘महाडची गाडी लागली आहे’ असे ऐकिले की प्रवासी सामान उचलतात. पुढे वरंधा घाटातील वळणांवर त्यांतल्याच एखाद्याला ‘गाडी लागते’ आणि तो खिडकीपाशी जागा मागतो. परप्रांतीय मनुष्याने ही दोन वाक्ये ऐकून काय समजावे?

शिवाजी महाराजांनी तोरणा घेतल्यावर तेथे धन हाती लागले आणि ते राजगडाच्या बांधणीस लागले, अशी परंपरागत कथा आहे. येथे पहिले ‘लागले’ म्हणजे सापडले, दुसरे म्हणजे खर्ची पडले. तसेच शोध लागतो, पत्ता लागतो, निकाल लागतो, नोकरी लागते. झाडास फळ लागते, फळास कीड लागते. मुलास शाळेचा लळा लागतो, आणि तोच मुलगा पुण्यास नोकरीस गेला की आईच्या जिवास घोर लागतो.

नात्यासही आपण हेच क्रियापद वापरितो. ‘तो तुझा कोण लागतो?’ ‘चुलता लागतो.’ इंग्रज मनुष्य येथे ‘आहे’ एवढ्यावर भागवितो. आपण नाते म्हणजे एक स्पर्श समजतो : जवळचा असो वा लांबचा, तो मनुष्य आपल्यास कोठेतरी लागलेला आहे.

‘लागणे’स सकर्मक जोडीदार ‘लावणे’. दिवा लागतो, आपण दिवा लावतो. दार लागते, आपण दार लावतो. भोर आणि वेल्हे हा भातांचा मुलूख. पाऊस लागला की येथे शेतकरी भात लावतो, आणि त्या कामास लावणी म्हणतो. लावणीस माणसे लागतात, चिखल लागतो, आणि पाठीस रगही लागते. ह्या एका हंगामात हे क्रियापद जितक्या वेळा तोंडी येते, तितके दुसरे क्वचितच येत असेल.

आरंभ, साहाय्य आणि सक्ती

आतापर्यंत लागणे एकटे उभे होते. दुसऱ्या क्रियापदामागे ते उभे राहिले म्हणजे त्याचे तीन निराळे उपयोग होतात, आणि व्याकरणाच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे आहेत.

पहिला उपयोग आरंभाचा. ‘पोर चालू लागले’, ‘पाखरे बोलू लागली’. येथे क्रिया सुरू झाली एवढाच अर्थ.

दुसरा उपयोग साहाय्याचा. ‘आईला जरा भांडी घासू लाग’, ‘मला ही मोळी उचलू लाग’. येथे लागणे म्हणजे हातभार लावणे. शाळेच्या पुस्तकांत हा अर्थ फारसा आढळत नाही, पण घरोघर तो जिवंत आहे. ‘शेजारी एकमेकांना भात लावू लागले’ हे वाक्य घ्या. त्याचा अर्थ भात लावण्यात परस्परांस मदत करू लागले, असा आहे. त्यातून ‘एकमेकांना’ हा शब्द काढा, आणि नुसते ‘शेजारी भात लावू लागले’ म्हणा. लगेच साहाय्य जाऊन आरंभ येतो. मदत कोणाला हे सांगणारा शब्द असेल तर साहाय्य, नसेल तर बहुधा आरंभ, ही खूण ध्यानात ठेवावी.

तिसरा उपयोग सक्तीचा. ‘मला जावे लागले’, ‘तिला भाकरी करावी लागली’, ‘तिला भाकऱ्या कराव्या लागल्या’. येथे करणारी व्यक्ती ‘ला’ प्रत्यय घेऊन बाजूस उभी राहते, आणि क्रियापद भाकरीच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. बोलताना ‘जावे’च्या ऐवजी ‘जायला’ असेही म्हणतात, आणि तेथे मोठी गंमत होते. ‘तो शाळेला जायला लागला’ म्हणजे त्याचे शाळेत जाणे सुरू झाले. ‘त्याला शाळेला जायला लागले’ म्हणजे इच्छा नसताही जाणे भाग पडले. ‘तो’ आणि ‘त्याला’ ह्यांतील एका प्रत्ययाने शाळेची गोडी आणि शाळेची सक्ती असे दोन ध्रुव वेगळे होतात.

सक्ती दाखविण्यास इंग्रजीत ‘हॅव टु’ म्हणतात. ‘हॅव’ म्हणजे जवळ असणे. ‘माझ्याजवळ लिहावयाचे एक पत्र आहे’ अशा धर्तीच्या जुन्या वाक्यरचनेतून ‘मला पत्र लिहावयाचे आहे, लिहिलेच पाहिजे’ असा अर्थ पुढे निघाला. म्हणजे इंग्रजीत कर्तव्य मनुष्याच्या जवळ असते; मराठीत कर्तव्य मनुष्यास येऊन लागते. तीच गोष्ट वेळेची. इंग्रजीत प्रवास दोन तास घेतो. मराठीत प्रवासास दोन तास लागतात. ‘टेक’ म्हटले की कोणीतरी हात पुढे करितो. लागणे म्हटले की काहीतरी येऊन भिडते. ह्यावरून एक लोक कर्तबगार आणि दुसरे दैववादी, असला निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. ‘कामाला लाग’ हेही आपलेच वाक्य आहे, आणि ‘टेकन इल’ म्हणजे आजाराने घेतलेला, हा त्यांचा प्रयोग आहे. व्याकरणावरून लोकांचा स्वभाव ठरत नाही; वाक्य कसे बांधावे एवढे मात्र ठरते. भाषांतर करताना विद्यार्थ्याने शब्द न बदलता आधी वाक्याचा कर्ता बदलावा लागेल काय, हे पाहावे. ‘मला दोन तास लागले’ ह्यातील ‘मला’ हा इंग्रजीत बहुधा कर्त्याच्या जागी राहत नाही. एवढे कळले तरी निम्म्या चुका टळतील.

पालकांस विनंती

हा लेख विद्यार्थ्यांप्रमाणेच पालकांकरिताही आहे. कित्येक पालक शाळेत येतात आणि संकोचाने म्हणतात, “गुरुजी, आम्ही शिकलेलो नाही. पोराला आम्ही काय शिकविणार?” आणि कधी कधी, सांगावयास खेद वाटतो, जवळ उभा असलेला मुलगा बापाच्या बोलण्याने खाली मान घालतो. त्या मुलास आमचे सांगणे आहे की, ‘मोळी उचलू लाग’ हा प्रयोग तुला तुझ्या शाळेच्या पुस्तकात सहसा सापडणार नाही. तो तुझ्या बापाच्या तोंडी आहे. ‘करावी लागली’ आणि ‘कराव्या लागल्या’ ह्यांतील भेद ज्या नियमाने होतो, तो नियम तुझी आई सांगू शकणार नाही; पण जन्मात एकदाही तो मोडणार नाही.

मोल्सवर्थ ह्यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये मुंबईस प्रसिद्ध झाला आणि त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. तीत सुमारे साठ हजार शब्द आहेत. मोल्सवर्थ हे सैन्यातील अधिकारी, आणि कँडी बंधू त्यांचे सहकारी. हे परदेशी गृहस्थ मराठी शिकले ते येथील शास्त्रीपंडितांकडून आणि येथील लोकांच्या बोलण्यावरून. त्या कोशात ‘लागणे’खाली अर्थांची लांबलचक रांग आहे. ती रांग कोणा एकाने बसून रचिलेली नाही. माणसे जे बोलली ते तेथे उतरले. तेव्हा ज्या बोलण्याकरिता सातासमुद्रांपलीकडून आलेल्या माणसांनी आयुष्याची वर्षे वेचिली, ते आपल्या स्वयंपाकघरात फुकट मिळत असता त्याची लाज कशाची वाटावी?

इंग्रजी अवश्य शिकावे, उत्तम शिकावे. परंतु ज्याला आपल्या ‘लागणे’चे पदर उलगडून पाहता येतात, त्यालाच ‘टेक’चे पदर लवकर दिसतात. ज्याने मराठीकडे कधी निरखून पाहिले नाही, त्याला इंग्रजी ही नुसती उभी रेघ मारलेली वही होऊन बसते.

स्वाध्याय

१. घरातील वडील माणसांस विचारून लागणे ह्या क्रियापदाचे ह्या लेखात न आलेले दहा प्रयोग लिहून काढा. प्रत्येक प्रयोगापुढे तो कोणाकडून ऐकिला ते लिहा. आजीकडून ऐकिलेल्या प्रयोगांस अधिक मान मिळेल.

२. पुढील वाक्यांतील ‘लागला, लागली, लागले’ ह्यांचा अर्थ आरंभ, साहाय्य की सक्ती, ते कारणासह सांगा : ‘नदी वाहू लागली.’ ‘दादा आईला पाणी भरू लागला.’ ‘आम्हांस थांबावे लागले.’

३. ‘मला झोप लागली’, ‘त्याला नोकरी लागली’, ‘हे काम करावयास चार दिवस लागले’ ह्यांचे इंग्रजीत भाषांतर करा, आणि प्रत्येक वाक्याचा कर्ता दोन्ही भाषांत कोणता आहे ते शेजारी लिहा.

४. भक्त, दुग्ध आणि कर्ण ह्या संस्कृत शब्दांची मराठी रूपे शोधून काढा, आणि हात, काम, सात ह्यांस जो नियम लागला तो त्यांस लागतो की नाही, ते पडताळून पाहा. तिहींपैकी एक शब्द तुम्हांस थोडा थांबवील. तो कोणता आणि का, ते लिहून आणा.